नवऱ्याच्या आईचा भाऊ

फोटोकडे बोट दाखवून बोलणाऱ्या माणसांचा मला मनस्वी संताप येतो. एक बाई फोटोकडे बोट दाखवून म्हणते, "यांच्या एकुलत्या एक मुलीचा मुलगा तो माझाच मुलगा." तर फोटोतले गृहस्थ त्या बाईचे कोण? अगं बाई, सरळ 'हे माझे वडील' म्हणायला तुला काय धाड भरलीय? पण नाही. भरतीच्या परीक्षेत कुणी सरळ बोलत नाही.

अलिबागला कोर्टामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, मी अकरा वर्षं स्पर्धा परीक्षांचा क्लास घेते. बुद्धिमत्ता चाचणी हा माझा विषय. माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा, हे खाली झेरॉक्सवाल्यालाही माहीत आहे. त्या रागात मी एकदा साक्षीला वर्गासमोर सोलून काढलं. ते मला अजून टोचतं, म्हणून तिची गोष्ट सांगते.

साक्षी किहीमच्या आतल्या वाडीतली सून. वय एकोणतीस, पदरात निकेत नावाचा चार वर्षांचा मुलगा. घरची भातशेती, आणि नारळाच्या बागेत पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. शनिवार-रविवार त्या भरल्या की आठ-दहा माणसांचा स्वयंपाक एकटी साक्षी करायची. उरलेल्या दिवसांत दुपारी दोनची एसटी धरून क्लासला. लिपिकाची भरती सहा वर्षांनी निघाली होती. घरच्यांनी एकदाच बसायची परवानगी दिली होती. नाही झालं तर पुस्तकं रद्दीत, असं नवऱ्यासमोर ठरलं होतं.

पोरगी हुशार. संख्यामाला, घड्याळ, दिशा, सगळं तोंडावर. आणि नातेसंबंधाचे पाचच्या पाच प्रश्न चूक. तिसऱ्या सराव परीक्षेत पुन्हा तेच झालं तेव्हा माझं टाळकं सटकलं. तिचा पेपर हातात घेऊन मी मोठ्यांदा वाचला.

"एका स्त्रीच्या नवऱ्याच्या आईचा एकुलता एक भाऊ त्या स्त्रीचा कोण? बाईसाहेबांनी काय लिहिलंय? वडील! पुढचा ऐका. एका स्त्रीने आपल्या नणंदेला आणि आपल्या भावाच्या बायकोला जेवायला बोलावलं, तर पानं किती वाढावी लागतील? बाईसाहेबांचं उत्तर, एक! दुसरीला उपाशी ठेवणार का गं?"

वर्ग खिदळला. साक्षी उठून उभी राहिली. मान खाली, पण आवाज स्वच्छ.

"मॅडम, आमच्यात तसंच हाय."

"तसंच म्हणजे?"

"माजी सासू माजी सख्खी आत्या हाय. म्हनजे तिचा भाऊ माजा बापूसच ना? आनि माजी नणंद माज्या भावाला दिलीय. एकच पान लागतं."

मी खडू घेतला आणि तिच्या घरची माणसं फळ्यावर मांडली. एका बाजूला तिचे वडील धर्माजी, त्यांची मुलं साक्षी आणि दिपेश. दुसऱ्या बाजूला धर्माजींची बहीण भागुबाई, तिची मुलं ओंकार आणि प्रांजली. साक्षी ओंकारला दिली, प्रांजली दिपेशला. साटंलोटं. फळ्यावरून बाहेर जाणारी एकही रेघ नव्हती. मामाची मुलगी करायची चाल मला काय ठाऊक नव्हती? माझ्या स्वतःच्या मावशीचं लग्न तसंच झालेलं. तरी अकरा वर्षं मी ही उत्तरं डोळे मिटून शिकवत होते आणि वर वर्गाला हसवत होते. मला स्वतःची लाज वाटली.

वर्ग सुटल्यावर मी तिला म्हटलं, "परीक्षेतली माणसं बिनघरची असतात. तिथे आत्या वेगळी, सासू वेगळी. आपलं घर चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचं आणि मग पेपर सोडवायचा."

"जमल मॅडम," ती म्हणाली. आणि महिनाभरात जमलंही. पाचपैकी पाच.

परीक्षा शनिवारी सकाळी पनवेलला होती. त्याआधीच्या बुधवारी तिचा फोन आला. "मॅडम, आत्या न्हाय म्हनते. शनिवारचं आठ मानसांचं बुकिंग घेतलंय. घावणे कोन घालनार, म्हनते."

"आणि नवरा?"

"ते गप हायत."

घावण्यांसाठी सहा वर्षांनी आलेली भरती घालवायची! मी गुरुवारी दुपारी क्लासला कुलूप लावलं, स्कूटर काढली आणि पोयनाडजवळ तिच्या माहेरी जाऊन धडकले. वाटलं, बापाला सांगावं, बाप जाऊन भांडेल. बापाचं कामच ते.

धर्माजी अंगणात गवताच्या पेंढ्या बांधत होते. सत्तरीचा सरळ माणूस. मला खुर्ची दिली, सुनेला चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं आणि पेंढी बाजूला ठेवली.

"कुनाशी भांडू, मॅडम? भागू माजी पाठची भैन. ओंकार माजा भाचा. तिची पोर माज्या घरात सून. मी तिकडं आवाज चढवला तर भागू उद्या म्हनल, घे तुजी परत आनि धाड माजी. साट्यात एक पोर माघारी आली की दुसरीलाबी जावंच लागतं. आमच्यात रीतच हाय ती. एका परीक्षेपायी दोन घरं मोडू काय?"

"मग दिलीत कशाला तिथे?"

"परक्या घरात हाल नकोत म्हनून. आत्या जीव लावल म्हनून."

तो माणूस खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी उभी राहिले आणि अंगणात ओरडले. "सासूने जाच केला की पोरीचा बाप तरी भांडायला जातो. तुमच्या पोरीला तो बापही नाही. तो सासूचा भाऊ आहे! तुम्ही तिला सासर दिलंत आणि माहेर काढून घेतलंत."

चहा घेऊन आलेली प्रांजली दारातच उभी होती. कडेवर आठ महिन्यांची पोर. तिने सगळं ऐकलं होतं. कप माझ्या हातात देऊन ती आत गेली. मी चहा तसाच ठेवून निघाले. रस्ताभर स्वतःवर चडफडत होते, कारण ओरडण्यापलीकडे मी काहीच केलं नव्हतं.

पुढचं मला नंतर साक्षीने सांगितलं.

शुक्रवारी सकाळी अकराला प्रांजली पोरीला कडेवर आणि पिशवी खांद्याला घेऊन किहीमला आईच्या दारात उभी राहिली.

"काय गं, आज कशी आलीस?" भागुबाई म्हणाल्या.

"राहायला आलेय. नवऱ्याशी पटत न्हाय."

"दिपेशशी? कशावरनं?"

"कशावरनं का असंना. मी माघारी आलेय. आता रीतीनं वहिनीला तिच्या बापाकडं धाड."

भागुबाईंना क्षणभर कळेना. मग कळलं, आणि त्या भडकल्या. दोघी मिळून मला शेंडी लावता काय, म्हणाल्या. प्रांजली ओसरीवर मांडी ठोकून बसली. म्हणाली, "माज्या लग्नात ही रीत तूच चार मानसांत बोलून दाखवलीस. एक आली तर दुसरी जानार. मी आले. आता तुजा शब्द तू पाळ, न्हायतर वाडीत सांग की ती रीत निस्ती आमाला घाबरवायला होती."

शेजारच्या बायका कुंपणाशी जमल्या होत्या. भागुबाई शब्दाच्या पक्क्या, आणि त्याचा त्यांना गर्व. त्या साक्षीवर ओरडल्या, "जा मग! जा तुज्या बापाकडं! बघू कोन कुनाला आनायला येतं!"

साक्षीने पिशवी भरायला दोन मिनिटं घेतली. साड्यांच्या घडीत हॉलतिकीट आधीच होतं. ओंकारने तिला मोटरसायकलवरून पोयनाडला सोडलं. ती उतरताना त्याने खिशातला पेन काढून तिच्या हातात दिला. परीक्षा संगणकावर होती, पेनाचा काही उपयोग नव्हता. तरी तिने तो घेतला.

शनिवारी पहाटेच्या एसटीने धर्माजी स्वतः तिच्याबरोबर पनवेलला गेले आणि केंद्राच्या फाटकाबाहेर बसून राहिले. इकडे किहीमला प्रांजलीने आठ माणसांचे घावणे घातले. पहिले चार तव्यालाच चिकटले, असं तिनेच मला हसत सांगितलं. रविवारी दोघी आपापल्या घरी परत.

निकालात साक्षीचं नाव आलं. नेमणूक श्रीवर्धनला. तिने मला जेवायला बोलावलं. धर्माजी, दिपेश, प्रांजली, सगळेच आले होते. भागुबाई मला ओसरीवर बसवून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "आमची सून सरकारात लागली. आमी शिकवली." माझ्या तोंडावर आलेलं मी सुरमईच्या तुकडीबरोबर गिळलं. साक्षीने डोळ्यांनीच मला गप्प बसायला सांगितलं होतं.

जेवता जेवता भागुबाईंनी प्रांजलीच्या मुलीला उचललं, समोर भात चिवडत बसलेल्या निकेतकडे तिचं तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "बघ, ही तुजी बायको. मामाचीच करायची. ही पोर काय बाहेर द्यायची न्हाय बाबा, घरातच राहील."

सगळे हसले. अशी थट्टा आमच्याकडे घरोघर चालते, आणि पुढे वीस वर्षांनी ती थट्टा राहत नाही. साक्षीबद्दलही हेच, याच ओसरीवर, ती पाळण्यात असताना म्हटलं गेलं असणार. मी तोंड उघडणार, तेवढ्यात साक्षीने भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"न्हाय आत्या."

"अगं, मस्करी केली."

"मस्करीतबी न्हाय. उद्या हिला सासरी तरास झाला, तर रुसून यायला एक घर पायजे. हिच्या बापानं कुनाला न भिता भांडायला जायला पायजे." ती हळू आवाजात बोलत होती. "मी हिची आत्या हाय. आत्याच राहनार. सासू व्हनार न्हाय."

धर्माजींचा हात पानावरच थांबला. ते लेकीकडे बघत होते, आणि मग बघवेना म्हणून त्यांनी नजर खाली घेतली. भागुबाईंनी पोरीला प्रांजलीच्या मांडीवर ठेवलं आणि पाण्याचा तांब्या भरायला आत गेल्या.