विठोजी तांडेलांचं रीळ

माझे थोरले दीर विठोजी सत्त्याण्णव साली बंगळूरला आले ते उजवा हात गळ्यातल्या झोळीत घालून. देवगडला त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सुधारला, बोलणं परत आलं, हात मात्र लुळा तो लुळाच राहिला. इथं मोठे डॉक्टर आहेत म्हणून माझ्या नवऱ्यानं, दयानंदनं, त्यांना बनशंकरीच्या आमच्या दोन खोल्यांत आणलं. मी बेळगावची. समुद्राशी माझा संबंध सुक्या बांगड्यापुरता. भावोजींचं नेमकं काय गेलंय हे कळायला मला वेळच लागला.

भावोजी गरवायचे. होडी नाही, जाळं नाही. किनाऱ्याच्या खडकावर बसून हातानं दोरी पाण्यात सोडायची, टोकाला गरी, म्हणजे गळ, आणि आमिष, आणि मासा लागला की दोन्ही हातांनी सरसर ओढून घ्यायची. मासा नुसता हुंगतोय की गिळतोय हे त्यांना उजव्या हाताच्या बोटावर कळायचं. दोरीनं त्या बोटावर पाडलेली खाच अजून दिसत होती. बायको लवकर गेली, मूल नव्हतं. धाकट्या भावाला त्यांनी याच हातावर डिप्लोमापर्यंत शिकवलं.

"गणपतीच्या चवथीपर्यंत हात येतलो," असं ते रोज म्हणायचे. अंघोळ झाली की एकट्या डाव्या हातानं सदऱ्याची बटणं लावत बसायचे. एक बटण लागलं की दुसरं निसटायचं. समोर चहा निवून जायचा. मी एकदा न राहवून पुढं झाले, तर असे खेकसले की शेजारच्या पद्मावतीअक्का खिडकीत आल्या.

"माझो हात अजून मेलो नाय!"

आणि डॉक्टरांनी तर आम्हा दोघांना बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, हात परत येणार नाही. आता हे भावोजींना सांगणार कोण? आमचे हे रोज सकाळी "आज सांगतो" म्हणायचे आणि संध्याकाळी भाजी निवडत बसायचे. मला संताप यायचा. पण सांगायला माझीही जीभ रेटत नव्हती.

अशात ह्यांना कारखान्यात कुणीतरी सांगितलं की व्हाइटफील्डला मिसेस रिबेरो नावाच्या बाई नवऱ्याचं मासे धरायचं रीळ विकताहेत. नवरा जहाजावर होता, आता हयात नाही. रीळ परदेशी, खास समुद्रातलं. हे रविवारी एकटेच जाऊन बघून आले आणि स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले.

"एवढंसं यंत्र आहे. काठीला बसवायचं, मूठ फिरवायची, दोरी आपोआप गुंडाळली जाते. एका हाताचं काम, सुनंदा!"

"बंगळूरात समुद्राचं रीळ?" मी म्हटलं. "आणि बसवायचं कुठं भावोजींना, सँकी तलावावर?"

"देवगडला परत जाईल ना तो." मग खाली बघत म्हणाले, "हात गेला हे सांगायचं, तर दुसऱ्या हातात काहीतरी ठेवून सांगावं गं."



"गंजलेलं असलं तर?" मी उगाच विचारलं.

"जीभ लावून बघितलं."

ही ह्यांच्याकडची रीत. समुद्रात जाऊन आलेली जुनी वस्तू घ्यायची तर आधी चाखायची. मालकानं गोड्या पाण्यानं धुतली नसेल तर खारट लागते, आणि खारट लागली तर आतून खाल्लेली असणार. ह्यांनी मूठ फिरवली, कान लावला आणि चाटून बघितलं. नावालाही मीठ नव्हतं म्हणे.

"त्या बाईंसमोर चाटलंत?"

"त्या आत चहा करत होत्या."

एवढं करूनही रीळ आणलं नव्हतंच. दादाला आवडलं नाही तर? डाव्या हाताला जमलं नाही तर? दोन आठवडे आमच्या घरात हेच दळण. शेवटी मीच म्हटलं, "भावोजींनाच घेऊन जाऊया की. गरवणारे ते, बघू देत की त्यांना."

भावोजींना सांगितलं ते असं, की हात येईपर्यंत डाव्या हातानं गरवायला एक यंत्र आहे. ते हसले. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. "यंत्रान गरवतत ते मुंबयचे सायेब!" म्हणाले. पण धुतलेला सदरा काढला, आणि त्याची बटणं लावण्यात अर्धी सकाळ गेली तरी चिडले नाहीत.

बसमध्ये चढताना कंडक्टरनं त्यांचा डावा हात धरला. "निधान, अज्जा, निधान," म्हणाला. सावकाश चढायला सांगतोय हे भावोजींना समजावून द्यावं लागलं नाही. व्हाइटफील्ड येईपर्यंत त्यांचे प्रश्न संपेनात. दोरी किती लांब जाते, तांबोशीसारख्या मोठ्या माशाचा ओढा तिला सोसेल का, वाळूनं यंत्र अडत नाही ना. हे लहान मुलासारखे उत्तरं देत होते. मलाही वाटायला लागलं, बरं झालं, आज सांगून टाकतील.

मिसेस रिबेरोंनी रीळ मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. "मेरा आदमी हर बार मीठे पानी से धोता था," त्या म्हणाल्या. "मेरे को हाथ नहीं लगाने देता था."

ह्यांनी रीळ घेऊन मूठ फिरवून दाखवली. "बघ दादा, किती हलकां फिरता!" आणि ते भावोजींपुढं केलं.

भावोजींनी डावा हात पसरला. रीळ तळव्यावर बसलं आणि मूठ वर उभी राहिली. ते तिच्याकडं बघत राहिले. ती फिरवायला हातच नव्हता.

माझं लक्ष तेव्हा ह्यांच्या हातांकडं गेलं. डाव्या हातात रीळ धरून हे उजव्यानं फिरवत होते. पहिल्या रविवारीही तसंच केलं असणार. धड हातांच्या आम्हा दोघांना तो धरणारा हात इतके दिवस दिसलाच नव्हता.

भावोजींनी रीळ मांडीवर ठेवलं आणि मूठ धरून फिरवली, तर अख्खं रीळच कलंडलं. पुन्हा सरळ केलं, पुन्हा कलंडलं.

"दादा, काठी खडकाच्या कपारीत रोवली तर..." ह्यांनी सुरुवात केली. काठी रोवता आली असती. पण गरीला आमिष कोण लावणार, गाठ कोण मारणार, दोरी फेकणार कोण?

भावोजींनी रीळ उचलून तोंडाशी नेलं आणि जीभ लावली. मिसेस रिबेरो दचकल्या.

"खारां आसा," भावोजी म्हणाले. "धुवलेलां नाय. आतून खाल्लेलां आसतलां. आमका नको, दया."

ह्यांनी स्वतः चाखलं होतं. एकदा माझ्याकडं बघितलं, मग भावाकडं.

"होय दादा," म्हणाले. "माकाय तसांच वाटलां."

"क्या बोला?" मिसेस रिबेरोंनी मला विचारलं.

"बोलते हैं, बहुत अच्छा रखा है," मी म्हटलं आणि रीळ पुसून परत फडक्यात गुंडाळलं.

घरी आल्यावर हे दोनदा भावोजींच्या खाटेपर्यंत गेले आणि परत आले. मी त्यांना थांबवलं. सांगायचं काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून भावोजी आले. चहा ठेवला होता तिकडं बसले नाहीत. उघडा सदरा घेऊन माझ्यासमोर उभे राहिले, हनुवटी वर केली आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "सुनंदा, बटणां लाव गो."

मी लावली. त्या दिवशी त्यांचा चहा निवला नाही.