सुंदरबाईचा कादंबऱ्यांवरचा राग

बीडच्या आमच्या गल्लीत वाचता येणारी बाई एकच होती, सुंदरबाई. वडील धान्याचे व्यापारी. त्यांनीच तिला दुकानात बसवून अक्षरं शिकवली. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परतली ती कायमची. तिचा भाऊ नगरला छापखान्यात होता. मोटारीनं येणाऱ्या कुणाबरोबर तरी तो महिन्याला पुस्तकांचा गठ्ठा पाठवायचा, आणि त्यात बहुतेक खुनाच्या, रहस्याच्या कादंबऱ्या असायच्या. निजामाच्या राज्यात शाळा-कचेऱ्या उर्दूच्या, मराठी पुस्तक नजरेला पडणं मुश्कील. त्यामुळे दुपारी कामं उरकली की बायका तिच्या ओसरीवर जमायच्या आणि ती मोठ्यानं वाचायची. माझी आई त्यांतलीच एक. ही हकिगत तिच्याकडूनच मी ऐकली.

सुंदरबाईला या कादंबऱ्यांचं वेड होतं आणि त्यांचा रागही होता. लिहिणारा लबाड असतो, असं तिचं मत. गुप्त पोलिसाला सापडलेली चिठ्ठी तो वाचणाऱ्यापासून दडवतो आणि शेवटच्या प्रकरणात खिशातून काढतो, ही चोरी नव्हे तर काय, असं ती विचारायची. पकडलेला खुनी आठ-आठ पानं भाषण करायला लागला की पुस्तक मिटून टाकायची. मेलेल्या माणसासाठी पहिल्या पानानंतर कुणी रडत नाही, हेही तिला खुपायचं. एक गोष्ट मात्र तिच्या फार उशिरा लक्षात आली.

फसली १३४०, म्हणजे इंग्रजी १९३० चा कार्तिक. गल्लीतले जमीनदार अर्जुनराव यांचा धाकटा भाऊ सुग्रीव कपिलधारला दर्शनाला जाऊन आला. संध्याकाळी जेवला, दूध प्याला. पहाटे उलट्या-जुलाब सुरू झाले आणि दुपारी तो गेला. बावीस वर्षांचा होता. घरात स्वयंपाकाला केसरबाई होती, तिशीची विधवा, कामापुरतं बोलणारी. तिसऱ्या दिवशी अमीनसाहेबांचे, म्हणजे पोलीस ठाण्याच्या अंमलदाराचे शिपाई आले आणि तिला ठाण्यावर घेऊन गेले. तिनं दुधात सोमलाचं विष घातलं, असा आळ होता.

हे पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं, ते सुंदरबाईनं विचारत विचारत शोधलं. अर्जुनरावांची बायको विमलबाई. ती रोज ओसरीवर पुढंच बसायची. सुंदरबाई उठली आणि थेट तिच्या घरी गेली. आईही मागोमाग गेली.

"विमलबाई, केसरनं सोमल घातला हे तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? विधवा बाई, तोंडातून शब्द काढत न्हाई, दूध तिच्याच हातचं. परवाच्या पुस्तकात असंच न्हवतं का? तुमीच तर वाचलं."

सुंदरबाई म्हणाली, "मी पण विधवाच हाय. माझ्या घरचं पाणी रोज पिता की तुमी."

घरी येऊन तिनं ट्रंक उपडी केली. एकेक पुस्तक उघडून शेवटचं प्रकरण बघितलं. विष घालणारी बाई आली की ती विधवाच. तरुण, गप्प, स्वयंपाकघरात वावरणारी. आणि हे सगळं तिनं स्वतःच्या तोंडानं, आवाज चढवत, उतरवत, बायकांना ऐकवलं होतं. आई म्हणायची, इतकी चिडलेली ती पुन्हा कधी दिसली नाही. लेखकावर चिडली, विमलबाईवर चिडली, पण सगळ्यांत जास्त स्वतःवर.

मग तिनं चौकशी धरली. कादंबरीतला पोलीस घरातल्याच माणसांभोवती फिरतो, घराबाहेर कुणाचं काय झालं ते विचारत नाही. सुग्रीव कपिलधारला कुणाच्या गाडीतून गेला होता, हे तिनं विचारलं. गाडी सत्तारची होती. सत्तारची बायको सायरा सीताफळं विकायची. तिचं घर शोधून सुंदरबाई गेली, तर सत्तार खाटेवर पडलेला. सायरानं सांगितलं, सुग्रीव गेला त्याच पहाटेपासून यालाही उलट्या-जुलाब लागले होते, जीव कसाबसा वाचला. परतताना दोघं वाटेतल्या एका विहिरीचं पाणी प्याले होते. अर्जुनरावांच्या घरचा घास सत्तारनं खाल्ला नव्हता, दूध तर नाहीच. पटकी होती ती, कॉलरा, दुसरं काही नाही.

वडील नको म्हणत असताना सुंदरबाई ठाण्यावर गेली. अमीनसाहेबांनी आधी बाहेर ताटकळत ठेवलं, मग विचारलं की केसरबाई तुझी कोण लागते. कुणी लागत नाही, पण तिच्यावर आळ आला तो मी वाचलेल्या पुस्तकामुळे, असं तिनं सांगितलं. अमीनसाहेब हसले. घरची बाई स्वतः सांगते आहे तर तुझं का ऐकावं, म्हणाले.

"सत्तारच्या पोटात सोमल कुणी घातला, ते आधी सांगा," सुंदरबाई म्हणाली. "मग केसरला आत ठेवा."

सत्तारचं नावही तोवर कुणी घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याची जबानी झाली. सरकारी डॉक्टरनं त्याला तपासून पटकी लिहून दिलं. अकराव्या दिवशी केसरबाई सुटली.

कादंबरी इथं संपली असती. पण अर्जुनरावांच्या दारात केसरबाईच्या कपड्यांचं गाठोडं बाहेर ठेवलेलं होतं, आणि गल्लीत दुसऱ्या कुणीही तिला चुलीपाशी येऊ दिलं नाही. आळ खोटा निघाला हे सगळ्यांना माहीत होतं, तरी नाही. सुंदरबाईनं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. तेव्हा बायकांनी ओसरीवर येणं सोडलं. दोन महिन्यांनी केसरबाईच म्हणाली की माझ्यापायी तुमच्याकडं कुणी येईना, आणि परळीला नात्यातल्या कुणाकडे निघून गेली. तिथं ती देवळाजवळच्या धर्मशाळेत दळणकांडण करायची. बीडला पुन्हा आली नाही.

त्या हिवाळ्यात सुंदरबाईनं त्या कादंबरीच्या लेखकाला पत्र लिहिलं. आईनं ते टपालात टाकायच्या आधी ऐकलं होतं. आमच्या गावातल्या एका बाईला तुमच्या पुस्तकानं अकरा दिवस कोठडीत बसवलं. तुम्ही विधवेचाच गळा का धरता? तिला नवरा नसतो, तुमच्या अंगावर कुणी येणार नसतं, म्हणूनच ना? सुटून आलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी भाकरी कोण देतं, ते एकदा लिहा. असं बरंच होतं. उत्तर आलं ते प्रकाशकाचं. पत्राबद्दल आभार मानले होते आणि नव्या पुस्तकांची यादी जोडली होती. ती यादी तिनं चुलीत घातली.

विमलबाईनं चूक झाली असं कधी म्हटलं नाही. सुंदरबाईही तिच्याशी पुढं बोलली नाही. विमलबाईच्या मुलाच्या लग्नाच्या अक्षता आल्या, तेव्हा तिनं त्या दारातूनच परत केल्या. ओसरीवरचं वाचन बंद झालं ते झालंच. माझी आई तेवढी जात राहिली.

कादंबऱ्या मात्र नगरहून येत राहिल्या आणि सुंदरबाई त्या वाचत राहिली, पेन्सिल हातात धरून. लिहिणाऱ्यानं काही दडवलेलं दिसलं, पुराव्याशिवाय कुणावर संशय टाकलेला दिसला, की त्या पानावर आडवी रेघ मारायची. मधल्या वर्षांत तिनं आईला अक्षरं शिकवली होती; म्हातारपणी डोळे अधू झाल्यावर तिलाच वाचायला लावायची. एकदा आईनं विचारलं, एवढा राग येतो तर वाचता कावून?

"माझ्यासारखी दुसरी कुणी बाई हे कुठंतरी मोठ्यानं वाचत असंल," सुंदरबाई म्हणाली. "काय वाचतीय ते मला ठाऊक पायजे. चल, पुढचं पान काढ."