डोळे पिवळे म्हणजे कावीळ

गमबुटांचा आमच्या घरात एकच जोड होता आणि त्या दिवशी तो माझ्या पायात होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी इतरांवर चिडलो की वाचणाऱ्याला हसायला मोकळीक राहील.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमचं गाव भिवंडीजवळ, अंजूरच्या बाजूला, खाडीकडचं. भाताच्या जमिनीत भराव टाकून आम्ही गोडाऊन बांधलं आणि मी शेतकऱ्याचा शेठ झालो. शेठ म्हणजे काय, तर पांढरा शर्ट आणि सगळ्या विषयांत मत. त्यात बारावीला मी सायन्स घेतलेलं. नापास झालो ही गोष्ट वेगळी; पण बेडकाचं पोट स्वतःच्या हातानं उघडलेला माणूस आमच्या भावकीत मी एकटाच. त्यामुळे घरात कुणाला ताप आला की आधी मला दाखवायचे. थंडी वाजून ताप, मलेरिया. पोट धरून ताप, टायफॉइड. अंग मोडून ताप, डेंग्यू. डोळे पिवळे, कावीळ. जंतू म्हणजे माझ्या लेखी बाजारातली दुकानं होती. प्रत्येकावर पाटी, पाटी वाचली की काम झालं.

त्या पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडाऊनमध्ये शिरलं. भाडेकरूच्या कापडाच्या गाठी होत्याच, पण मागच्या कोपऱ्यात आमच्या घरच्या तांदळाची पोतीही होती. बायकोनं साडी खोचली आणि अनवाणी गुडघाभर पाण्यात उतरली. तिच्या टाचांना भेगा होत्या, पावसाळ्यात तर रक्त निघायचं. हमालांचा मुकादम उत्तर प्रदेशातला. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सेठ, भाभी को रोको. अंदर चूहे मरे पड़े हैं."

"अरे, किसान की बेटी है," मी म्हणालो. "कीचड़ में ही पली है."

दारात उभा राहून म्हणालो. गमबूट घालून.

आठवड्याभरानं तिला ताप भरला. पोटऱ्या अशा दुखत होत्या की चादर लागली तरी कळवळायची. पोती उचलली ना, म्हणून, असं मी ठरवलं. भिवंडीच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "काय होतंय?" तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "मलेरिया दिसतोय." डॉक्टर म्हणाले, "हां, सध्या साथ आहेच," आणि सुई टोचली. रक्त तपासलं नाही. त्या माणसावर मी पुढे कितीतरी वर्षं दात खात होतो. रोग मीच सांगितला होता, हे मात्र सोयीनं विसरायचो.

पाचव्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले. आईनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "कावील झाली रं हिला! आता डागतरचा काम न्हाय. पाड्यावर ने, उतरवून आन."

आमच्याकडे कावीळ औषधानं जात नाही, ती उतरवावी लागते. वडपे गावाच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावर एक म्हातारा हे काम करायचा. ताटात चुन्याचं पाणी घ्यायचा, आजाऱ्याचे हात त्यात धरायचा, काहीतरी पुटपुटत चोळायचा. पाणी हळूहळू पिवळं व्हायचं. पिवळं झालं की रोग ताटात उतरला. मी, बेडूक कापलेला माणूस, तिला रिक्षात घालून तिथे घेऊन गेलो. का? कारण डोळे पिवळे होते आणि माझ्या पाटीवर कावीळ लिहिलेलं होतं.

म्हाताऱ्यानं ताट आणलंच नाही. तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, पोटऱ्या दाबल्या, ती ओरडली. तो म्हणाला, "ही माझी कावील न्हाय. डोले लाल पन हायत. मोठ्या दवाखान्यात न्या."

"बाबा, एवढ्या लांबून आलो. हात तरी धुवा."

"हात धुवून काय व्हतंय?"

"पाणी पिवळं होतंय का बघू ना."

तो हसला. "पिवला पानी सगल्यांचाच येतो, शेठ. तुमचा पन येईल. पानी न्हाय बघायचा, मानूस बघायचा."

एवढं स्वच्छ मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. आणि मला राग आला! अंगठेबहाद्दर म्हातारा मला शिकवतो? मी हटून बसलो. शेवटी कटकट नको म्हणून त्यानं ताट घेतलं, हात चोळले, पाणी पिवळं झालं. मी आईला फोन लावला, "उतरली." म्हातारा मागून ओरडत होता, "आजच न्या, आजच!" आणि मी रिक्षावाल्याला म्हणत होतो, घरी घे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिला लघवी झाली नाही. संध्याकाळपर्यंत चेहरा सुजला. तेव्हा कुठे शेठ हलले.

मोठ्या सरकारी इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती, आमच्या मुलीच्या वयाची. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "पुराच्या पाण्यात उतरल्या होत्या?" दुसरा, "पायाला जखम?" आणि चादर बाजूला करून टाचा बघितल्या.

मी म्हणालो, "मॅडम, कावीळ आहे."

"काका, कावीळ हे रोगाचं नाव नाही, रंग आहे," ती म्हणाली. "घाणेरड्या पाण्यातून पोटात जाणारा विषाणू डोळे पिवळे करतो. डासातून येणारा मलेरियाचा जंतूही करतो. आणि उंदराच्या लघवीतून पाण्यात आलेला हा जिवाणू, लेप्टोचा, तो भेगेतून शिरतो आणि तोही करतो. तिघांचं औषध वेगळं. याचं औषध साधं होतं, पहिल्या दिवसांत दिलं असतं तर. आता किडन्या बंद पडल्यात. कालपर्यंत कुठे होतात?"

काल मी चुन्याच्या ताटात बघत होतो, हे मी तिला सांगितलं नाही. बाहेर येऊन भिंतीवर मूठ आपटली. हात सुजला, तोही तिथेच दाखवावा लागला. "याला काय झालं?" ड्रेसिंगवाल्यानं विचारलं. "पडलो," म्हणालो. निदानात मी तिथेही खोटाच.

रक्त मशीनमधून फिरवून आणत होते. सलाईनमधून औषध चालू होतं. पलंगाखाली लघवीची पिशवी लटकवलेली, कोरडी. डॉक्टरीण रोज वाकून बघायची आणि पुढच्या पलंगाकडे जायची. मी स्टुलावर बसून त्या पिशवीकडे बघायचो. देवाचा फोटोही मी कधी इतका वेळ पाहिला नसेल.

चौथ्या दिवशी दुपारी नळीत चहासारखं काहीतरी सरकलं. पिशवीच्या तळाशी दोन बोटं जमा झालं. मी उठून ओरडलो, "झाली! सिस्टर, झाली! हिला झाली!" अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

बायकोनं डोळे उघडले. अजून पिवळेच होते. "अवो, बोंबलताय काय? लाज वाटत न्हाय?"

"अगं, वाचलीस तू!"

तिचा आवाज नीट फुटत नव्हता, पण राग होता, चांगला दणदणीत, निरोगी राग. "मी मेली असती ना," ती म्हणाली, "तर तुमी आख्ख्या गावाला सांगितला असता, कावील झाली नि गेली."

सांगितलं असतं. सुतकात येणाऱ्या प्रत्येकाला, खात्रीनं सांगितलं असतं.