‘फॉर’ म्हणजे साठी नव्हे

माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारे बहुतेक जण परदेशी निघालेले असतात. परीक्षा देणाऱ्या नर्स मुली, दुबईला जाणारे इलेक्ट्रिशियन, मुलाकडे कॅनडाला निघालेली एखादी जोडी. कुंभकोणमात कुणाची ना कुणाची बॅग भरलेलीच असते. मावशी मात्र कुठेही जाणार नव्हती. तिला फक्त नातीशी बोलायचं होतं. आणि शिकायला ती माझ्या घरी येणार नव्हती. मीच रोज चारला तिच्याकडे जायचं, हे तिने मला न विचारता ठरवलं होतं.

मावशी म्हणजे माझ्या आईची चुलत बहीण. सत्तरी उलटलेली, नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, सारंगपाणी कोयिलच्या, म्हणजे देवळाच्या, मागच्या गल्लीत एकटी राहायची. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. आमची मराठी इतकी जुनी की पुण्याची माणसं ऐकून हसतात. आई गेल्यावर गावात माझ्याशी त्या भाषेत बोलणारं मावशी हे एकच माणूस उरलं होतं. तिच्या घरी मी का जात राहिले याला दुसरं काही कारण सापडत नाही, कारण तिची जीभ फार वाईट होती.

मी नवऱ्याला कोइमतूरला सोडून माहेरी परतलेली. पहिल्या दिवशी मावशीने मला उभं ठेवून विचारलं, "तुज नवरा सांभाळतां आला नाहीं. इंग्लिश तरी नीट येतें कीं?"

"येतं," मी म्हटलं.

"मग बैस."

तिचा मुलगा अमेरिकेत. सून दिल्लीकडची. नवराबायको आपसात इंग्रजीच बोलतात आणि बारा वर्षांच्या नातीला दुसरी भाषाच नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर मावशी तिला विचारायची, "ईट?" नात म्हणायची, "येस." तेवढ्यावर दोघी एकमेकींकडे बघत बसायच्या.

"इतकीं वर्षं झालीं, पोरीला जेवलीस का एवढंच पुसतें मी," मावशी म्हणाली. "तिला वाटत असेल आजी म्हणजे खानावळ."

शब्द तिने भराभर उचलले. अडली ती एकाच ठिकाणी. ‘मला समजणं कठीण आहे’ हे तिला सांगायचं असायचं, आणि ती म्हणायची, "इट इज डिफिकल्ट मी अंडरस्टँड." मराठीत माणसाला एक ‘ला’ चिकटवला की भागतं. तमिळमध्येही तसंच. इंग्रजीत माणसाच्या आधी ‘फॉर’ लागतो आणि करायच्या कामाच्या आधी ‘टु’. फॉर मी, टु अंडरस्टँड. ती एक लावायची तेव्हा दुसरा गळायचा. मी पुन्हा म्हणायला लावलं की माझ्यावरच डाफरायची.

त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. ‘फॉर’ तिने दुकानांच्या पाट्यांवर आयुष्यभर वाचला होता. फॉर सेल, फॉर रेंट, फॉर लेडीज. फॉर म्हणजे साठी.

"माझ्यासाठी समजणं कठीण? माझ्यासाठी दुसरं कोण समजून घेणार आहे?"

"हा ‘साठी’चा फॉर नाही, मावशी. हा ‘ला’चा. काम कुणी करायचं एवढंच तो सांगतो. ‘इट इज टाइम फॉर द कुक टु गो.’ स्वयंपाकीणबाईंनी जायची वेळ झाली. त्यात त्यांचं भलं असेल असं नाही."

"मग भल्याचा कुठला, हें कसं ओळखावं?"

"कधी कधी ओळखता येत नाही. ‘इट इज गुड फॉर यू टु वॉक.’ चालणं तुझ्या भल्याचं, असाही अर्थ होतो. तू चाललेलं बरं, असाही. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते बघायचं."

मावशीने ते वाक्य दोनदा पुटपुटून पाहिलं. मग म्हणाली, "उदंड लबाड भाषा आहे गे." आणि प्रसन्न झाली.

एकदा जमल्यावर तिला ती रचना फार आवडायला लागली. माणसाकडे न बघता त्याच्याविषयी बोलता येतं, हे तिला पटलं असावं. खिडकीतून समोरची बाई फुलं घेताना दिसली की, "इट इज डिफिकल्ट फॉर हर टु बी ब्यूटिफुल." स्वयंपाकीणबाईंचा रसम् खारट झाला की, "इट इज इम्पॉसिबल फॉर धिस वुमन टु लर्न." त्या बिचाऱ्या हसून मान हलवायच्या. त्यांना वाटायचं कौतुक चाललंय. एक दिवस चष्म्यावरून माझ्याकडे बघत तिने सावकाश, शब्द जुळवत म्हटलं, "इट वॉज ईझी फॉर युवर हजबंड टु फर्गेट यू."

मी पुस्तकाचं पान उलटलं.

"बरोबर आहे कीं चूक?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. व्याकरणाने बरोबरच होतं. ती खोकला लागेपर्यंत हसली.

वैशाखात मुलगा, सून, नात आली. मावशीने त्या दिवसासाठी एक वाक्य घोटून ठेवलं होतं. ते शिकवताना कित्येक दिवस माझा घसा बसला होता. दारात टॅक्सी थांबली, मुलगी उतरली, आणि निळी रेशमी पट्टू साडी नेसलेल्या मावशीने तिचे दोन्ही हात धरून म्हटलं, "इट इज अ ग्रेट जॉय फॉर मी टु सी यू."

मुलीने हात सोडवून घेतले आणि आईकडे वळून विचारलं, "व्हाय इज शी टॉकिंग लाइक दॅट?"

"शी इज ट्राइंग, स्वीटी," सून म्हणाली.

मी मागे उभी होते. मावशीला ते कळलं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. पण त्या संध्याकाळी तिने नातीला आणखी एकदाच काही विचारलं, आणि ते होतं, "ईट?"

पाहुणे असले तरी शिकवणी बंद करायची नाही, असं तिचं म्हणणं पडलं. म्हणून मी जात राहिले. एका दुपारी आम्ही दोघी कूडम्‌मध्ये, म्हणजे मधल्या दालनात, झोपाळ्यावर बसलो होतो. पलीकडे जेवणाच्या टेबलाशी मुलगा आणि सून बोलत होते. आवाज हळू करायची गरज त्यांना वाटली नाही. गेल्या पावसाळ्यात मावशी न्हाणीघरात पडली होती, त्यावरून बोलणं सुरू झालं. तिरुनागेश्वरम् रस्त्यावर एक वृद्धाश्रम निघाला होता, तो त्यांनी सकाळीच बघून घेतला होता.

"इट्स नॉट पॉसिबल फॉर अस टु फ्लाय डाउन एव्हरी टाइम," सून म्हणाली.

मावशीचं बोट धड्यातल्या एका ओळीवर थांबलं.

मुलाने आईकडे वळून पाहिलं. तान्ह्या बाळाकडे बघून हसतात तसा हसला. तोंडावर हसू ठेवूनच तो बायकोला म्हणाला, "इट विल बी बेटर फॉर अम्मा टु स्टे देअर."

"गे," मावशीने मला मोठ्याने विचारलं, "हा फॉर कुठला?"

मुलाला मराठी कळत होती, पण हे कळलं नाही. आई इंग्रजी ऐकते आहे एवढं मात्र कळलं, आणि त्याचा रंग उतरला.

"अक्का," तो मला घाईने म्हणाला, "तिला काही सांगू नका. मी सावकाश बोलेन."

"सांग कीं," मावशी म्हणाली. "साठीचा कीं लाचा? शिकवतीस ना मज?"

मी मुलाकडे पाहिलं. त्याने नजर टेबलावर खिळवली होती. त्याने तेव्हा वर पाहिलं असतं तर मी काय म्हटलं असतं कुणास ठाऊक. त्याने पाहिलं नाही.

"लाचा," मी म्हटलं. "साठीचा नाही."

"अम्मा, तसं नाही गं—"

"तूं गप. आमचं व्याकरण चाललं आहे."

सून एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. मावशीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग सुनेकडे तोंड करून, माझ्या दिशेने नुसता हात करत, ती स्पष्ट म्हणाली, "इट इज नॉट नेसेसरी फॉर हर टु कम टुमॉरो."

फॉर आणि टु, दोन्ही जागेवर होते.

"ओ वॉव!" सून म्हणाली. "अम्मा, युवर इंग्लिश इज सो गुड!"

मला वाटलं, उद्यापुरतंच म्हणते आहे. सकाळी स्वयंपाकीणबाईंनी तिच्याकडे राहिलेली माझी छत्री आणून दिली आणि निरोप सांगितला की आता यायचं नाही. माझी एक मैत्रीण म्हणते, तू खोटं बोलायला हवं होतंस. मला तसं वाटत नाही. मावशीला खोटं त्या क्षणी कळलं असतं, आणि मुलासमोर तिने मला सोललं असतं. मुलगा आपल्याला कुठेतरी ठेवून जाणार हे तिने बहुधा आधीच ओळखलं होतं. ते होताना बघणारं घरात कुणी होतं, हे तिला सोसलं नाही. हा माझा अंदाज. तिने कधी काही सांगितलं नाही.

आडी महिना, म्हणजे तमिळ आषाढ, लागण्याआधी तिला तिकडे नेलं. मी दिवाळीनंतर बसने गेले. जागा स्वच्छ होती, फरशी पुसून लख्ख, ओळीने मांडलेल्या वेताच्या खुर्च्या. त्यातल्या एका खुर्चीत मावशी. कंबरेपर्यंतचे केस कानापर्यंत कापलेले. "धुवायला सोपं पडतं," तिथली आया मला म्हणाली.

"मावशी, कशी आहेस?" मी खाली वाकून विचारलं.

तिने मला ओळखलं. डोळ्यांतून तसं दिसलं. पण ती तमिळमध्ये बोलली, आणि तेही परक्या माणसाशी बोलतात तसं. या, बसा, म्हणाली. तुमचं जेवण झालं का? बसला गर्दी होती का?

मी पुन्हा मराठीत बोलले. तिची नजर डोक्यावरच्या पंख्याकडे गेली. तिसऱ्यांदा बोलले तेव्हा ती आयाकडे वळून तमिळमध्येच म्हणाली, "या आमच्याकडे शिकवायला यायच्या. ऊन लागलं असेल त्यांना. पाणी द्या आणि बसपर्यंत सोडा."

आयाने पाणी आणलं. मावशी मी पेला रिकामा करेपर्यंत बघत राहिली, मग तिने डोळे मिटले. मी उठले.

पुन्हा गेले नाही. मार्गळीत, म्हणजे मार्गशीर्षात, ती गेली. मुलाला रजा मिळाली नाही म्हणे. सगळं आश्रमानेच केलं. मला ते कळलं आमच्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, कुणीतरी टाकलेल्या वांगीभाताच्या फोटोखाली. त्याखाली लोकांनी जोडलेले हात टाकले होते. मीही टाकले आणि पाचच्या बॅचसाठी फळा पुसायला घेतला.