लेफ्टनंटच्या गाढवाचा शोध

हुबळीजवळच्या मळमड्डीतल्या शकुंतलाक्का मुलींच्या हायस्कूलात इंग्रजी शिकवायच्या. चुकीच्या स्पेलिंगला अर्धा मार्क कापायच्या, आणि कापताना आपल्यालाच जास्त वाईट वाटतं असं सांगायच्या. आमचा त्यावर विश्वास नव्हता. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी लाल पेन शोधणाऱ्या बाई त्या. मी त्यांची विद्यार्थिनी आणि शेजारीण, भार्गवी. माझे किती अर्धे मार्क गेले ते विचारू नका.

शनिवारी शेवटच्या तासाला मात्र अक्का पेन बाजूला ठेवून गोष्ट वाचायच्या. पलटणीपासून चुकलेला एक लेफ्टनंट आणि त्याचं हट्टी गाढव डोंगर तुडवत घराकडे निघतात, अशी ती इंग्रजी कादंबरी. शेवटी गाढव जनरलसाहेबांच्या बागेत राहतं आणि त्यांचे सगळे गुलाब फस्त करतं. आम्ही हसून हसून बाकं बडवायचो.

निवृत्त झाल्यावर, २००६ साली, एकदा भाजी निवडताना अक्का म्हणाल्या, "भार्गवी, ते गुलाब माझे गं."

"म्हणजे?"

"शाळेच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाळवीनं खाल्लेलं. तुम्ही सगळ्या आ वासून बसलेल्या. काहीतरी सांगायलाच हवं होतं. खरं काय झालं ते मलाच माहीत नाही."

हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. पुस्तक छापायचं केव्हाच बंद झालं होतं. हुबळीतली जुन्या पुस्तकांची दुकानं झाली, पुण्याच्या भाच्यानं रस्त्यावरचे ढीग उपसले, पण गाढव काही सापडलं नाही. शेवटी मी त्यांना श्रीवत्सच्या सायबर कॅफेत नेलं. श्रीवत्स चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, पण अक्का दारात दिसताच वर्गात उठावं तसा उठून उभा राहिला.

"बर्री अक्का, या, बसा."

"बसते. बाहेरच्या पाटीवर 'लॅमिनेशन'चं स्पेलिंग चुकलंय."

जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका साइटवर अक्कांनी एका बोटानं, प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणत नाव लिहिलं. जगात एकच प्रत निघाली. किंमत बघून अक्कांनी चष्मा पुसला. किंमत तीच राहिली. तेवढ्या पैशांत दोन महिन्यांचं पेन्शन गेलं असतं.

"थांबा, मी बघतो," म्हणत श्रीवत्सनं भराभर टाइप केलं.

"लेफ्टनंटमधले ई आणि आय उलटे झाले!" अक्का ओरडल्या.

पण तोवर पडद्यावर दुसरीच प्रत आली होती. इंग्लंडातल्या कुठल्याशा दुकानदारानंही नेमकी तीच चूक केली होती. शुद्ध लिहिणाऱ्या गिऱ्हाइकांना ती प्रत दिसतच नव्हती, म्हणून पडून पडून तिची किंमत उतरली होती. टपालखर्च धरूनही परवडेल अशी.

"अक्का, घेऊन टाका. पैसे माझ्या कार्डावरून भरतो, मला नंतर द्या."

"आधी त्या माणसाला कळवू दे. बिचाऱ्याचं नुकसान होतंय."

श्रीवत्सनं कन्नडमधून विनवलं, मी मराठीतून विनवलं. अक्कांनी दुकानदाराला चूक समजावणारा सविस्तर ई-मेल पाठवला, स्वल्पविरामासकट. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. फार आभारी आहे, चूक दुरुस्त केली, आणि आश्चर्य म्हणजे पुस्तक रातोरात विकलं गेलं.

श्रीवत्सनं कपाळाला हात लावला. अक्का म्हणाल्या, "माणूस मात्र सभ्य आहे."

घरी येईपर्यंत त्यांचं तोंड उतरलं होतं. पण चार दिवसांनी त्या एका वेगळ्याच उत्साहात माझ्याकडे आल्या. "चल. मुली लेफ्टनंटचं स्पेलिंग किती प्रकारांनी चुकायच्या ते मला पाठ आहे. तसाच आणखी एखादा दुकानदार चुकला असेलच."

मग रोज दुपारी अक्का श्रीवत्सच्या कॅफेत बसून शब्द बिघडवू लागल्या. पहिली चूक मुद्दाम करताना त्यांनी सवयीनं तीनदा बरोबरच स्पेलिंग लिहिलं. नंतर सरावल्या. कुणा विद्यार्थिनीनं आय गाळलेला, कुणी यू दोनदा घातलेला, सगळ्यांच्या चुका त्या नावानिशी वापरून बघत होत्या. एका दुपारी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू काय लिहायचीस गं? एफ घालून, कानाला ऐकू येतं तसं."

"अक्का, आठवीत होते मी!"

"दहावीतही." त्यांनी एफ घातला, आणि पुस्तक आलं. ऑस्ट्रेलियातली प्रत, कव्हर फाटकं, पानं पूर्ण, किंमत आधीच्यापेक्षाही कमी. या खेपेला अक्कांनी ई-मेल बिमेल काही केला नाही. "भर पैसे, श्रीवत्सा," एवढंच म्हणाल्या.

दीड महिन्यानं पार्सल आलं. संध्याकाळी मी गेले तर अक्का पुस्तक मांडीवर ठेवून कट्ट्यावर बसलेल्या.

"काय झालं शेवटी?"

"विकलं गं त्यानं गाढव. शेवटच्या गावात. आणि रेल्वेत बसून घरी गेला."

"एवढंच?"

"मागे वळूनसुद्धा बघितलं नाही."

मी म्हटलं, तुमचाच शेवट बरा होता. त्यांना ते पटलं नाही. छापलं आहे ते छापलं आहे, म्हणाल्या. पुढच्या महिन्यात हेडमिस्ट्रेसबाईंनी त्यांना आठवीच्या मुलींना गोष्ट सांगायला बोलावलं, तेव्हा अक्का ते पुस्तक घेऊनच गेल्या. चार शनिवार मधल्या तासाला वाचलं आणि खरा शेवटही वाचून दाखवला.

वर्गात गदारोळ झाला. एक मुलगी म्हणाली, लेफ्टनंटला तुरुंगात घाला. दुसरी म्हणाली, रेल्वेत गाढव कसं नेणार, त्याचंही बरोबर आहे. तिसरी रडायलाच लागली. घंटा झाली तरी कुणी थांबेना. शेवटी पुढच्या तासाच्या गणिताच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तर त्यांनाही मुलींनी कुणाची बाजू घेता म्हणून विचारलं.

अक्का घरी न जाता थेट आमच्याकडे आल्या. घसा पार बसला होता. मी काढा करून दिला. तो पिता पिता त्या खुणांनीच सांगत होत्या, की आज मागच्या बाकापर्यंत एकही मुलगी झोपली नाही.