बेढब स्वेटर

कारखान्यात तिला सगळे मावशीच म्हणत. यंत्रावर विणून आलेले स्वेटरचे मागचे-पुढचे भाग आणि बाह्या जोडायचं काम तिच्याकडे. नवरा तिथंच लोकर रंगवायच्या शेडमध्ये. वर्षानुवर्षं ओल्यात उभं राहून त्याच्या छातीनं दगा दिला, तेव्हा तिनं उरल्यासुरल्या लोकरीचा त्याला एक स्वेटर विणला. लोकर संपेल तसा रंग बदलत गेला. एक बाही हिरवी, दुसरी तांबडी आणि आखूड. गळा असा की दोन माणसं मावावीत. ती ओशाळली. तो मात्र स्वेटर अंगावरून उतरवेना.

वर्षअखेरीला मालक आवारात सगळ्यांना चहा द्यायचा. नवरा तोच स्वेटर घालून गेला. मुकादमानं त्याला बाकावर चढवलं. "फिर की जरा! मागूनही बघू दे ध्यान!"

अख्खं आवार खो खो हसलं. तो गोल फिरला, हात जोडले, स्वतःही हसला. हसता हसता खोकल्याची उबळ आली, तर लोकांना तीही नक्कलच वाटली. मावशी गर्दीत उभी राहून बघत होती.

पुढच्या वर्षी ऑफिसातले दोन कारकून मुद्दाम चित्रविचित्र स्वेटर घालून आले. मग सगळ्यात बेढब स्वेटरला बक्षीस निघालं. तोवर नवरा गेला होता. आवारातला चहा जाऊन हॉल आला, दिवे आले, गाणी आली. इतर कंपन्यांनीही हे खूळ उचललं, दुकानांतून मागणी आली आणि कारखाना स्वतःच बेढब स्वेटर काढू लागला. मावशीचे हात सवयीनं बाही सरळच जोडायचे.

"मावशी, वाकडी लावा हो! वाकडीच खपते," मुकादम ओरडायचा. ती उसवायची आणि वाकडी लावायची.

मुलगी शिकून त्याच ऑफिसात लागली. एका वर्षी पार्टीची तयारी तिच्या गळ्यात पडली. घुंगरं लावलेला स्वेटर घालून ती निघाली होती. "आई, तूही चल ना. धमाल असते. मोठे साहेब म्हणतात, ही कल्पना त्यांचीच."

"तुझ्या बाबांच्या अंगावरून सुरू झालंय हे," मावशी म्हणाली आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

मुलगी दारातून मागे आली. "त्यांना खूप लागलं असेल ना गं?"

"घरी येऊन म्हणाले, लोकांना आवडला बघ तुझा स्वेटर. खरंच तसं वाटलं होतं, की माझ्यासाठी बोलले, देव जाणे."

मुलगी डोळे पुसून गेली ती साहेबांना गाठायचंच ठरवून. बाबांची आठवण निघावी, निदान दोन माणसांनी मान खाली घालावी, एवढंच तिच्या मनात होतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना गोष्ट फारच आवडली.

पुढच्या हंगामात प्रत्येक स्वेटरच्या गळ्याला एक छापील कार्ड लटकलं. त्यात एक आनंदी कामगार बायकोनं विणलेला स्वेटर मिरवत बाकावर उभा होता, आणि सगळे मित्र टाळ्या वाजवत होते. खोकला गाळला होता. कार्ड टाचायचं काम मावशीच्याच टेबलावर आलं.

"आई, मी असं नव्हतं गं सांगितलं," मुलगी कळवळून म्हणाली.

"ठाऊक आहे मला," मावशी म्हणाली. "बाजूला हो, उजेड अडतोय." आणि तिनं पुढचा स्वेटर ओढला.