तन्मयला बाहेर बसवणारा कोच

मंडळी, आज ग्लासगोत माझ्या लेकाच्या युनिव्हर्सिटीची अमेरिकन फुटबॉलची मॅच होती. तन्मय क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा.

डोक्याला धक्का बसल्यावर कोचने त्याला बाहेर काढून दुसऱ्या मुलाला उतरवलं. टीम जिंकली, तरी सपोर्टर्समध्ये वाद पेटला.

"तन्मयच हवा होता. कोच घाबरट आहे!" एकजण ओरडला. ऐकून मला बरंच वाटलं.

हॉस्पिटलला जाताना तन्मयने विचारलं, "आई, जिंकलो का आपण?"

"हो रे."

थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच विचारलं. मग पुन्हा.

डॉक्टर म्हणाल्या, आणखी एक धक्का जिवावर बेतला असता. आता तो सावरतोय.

कोचला फोन केला, पण थँक यू म्हणतानाच रडू फुटलं.

तुमच्या मुलांना बाहेर बसवणाऱ्या कोचबद्दल तुम्ही काय बोलता?